पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्स जास्त असलेला भाग टाळूत टोचणं) केल्याने गेलेले केस परत येतात का?

टाळू गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर नाही. तिथली मुळंच संपलेली असतात. केस बारीक आणि विरळ होत चाललेत पण अजून आहेत, अशा अवस्थेत मात्र बऱ्याच जणांना फरक पडतो. तोही थोडे दाट दिसण्याइतका, कॉलेजातल्या फोटोसारखा नव्हे.

करतात काय, तर हातातून साधारण १० ते ३० मिली रक्त काढतात. नळी सेंट्रीफ्यूज नावाच्या यंत्रात जोरात फिरवली की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, राहतो. त्यातला प्लेटलेट्स जास्त असलेला भाग बारीक सुईने टाळूत टोचतात. कपाळाच्या कडेला चांगलंच झोंबतं, बधिर करणारं क्रीम लावूनसुद्धा! महिन्याच्या अंतराने ३-४ वेळा, मग दर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा. खर्च त्याच हिशेबाने धरा, एका सीटिंगचा दर ऐकून हुरळून जाऊ नका.

रक्त स्वतःचंच, त्यामुळे ॲलर्जीची भीती जवळपास नाही. पण प्लेटलेट्स कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात, ते बहुधा आपोआप थांबतं. त्यासाठी पीआरपी म्हणजे पैसे पाण्यात. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. आनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिल, आणि पुरुषांत फिनास्टेराइड, या औषधांमागे पुरावा जास्त आहे. तपासणी न करताच थेट पॅकेज पुढे करणारं क्लिनिक असेल तर दुसरा त्वचारोगतज्ज्ञ गाठा.