पेपर परत आला, आणि सर बोलेनासे झाले

‘पेपर रिजेक्ट झाला, म्हणजे मी पीएचडीच्या लायकीचाच नाही, असंच ना?’ हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण उत्तर ठरवूनच आलेले असतात. सांगलीतले एक प्राध्यापक त्यांतलेच. ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. आपण त्यांना नुसतं ‘सर’ म्हणू. दिवसभर कॉलेजात तास, प्रॅक्टिकल, फायली. रात्री दहानंतर पीएचडी. विषय पॉवर सिस्टिम्स, म्हणजे वीज बनवण्या-पोहोचवण्याची यंत्रणा.

परिषदेला पाठवलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, परत आला होता. बायकोनं आग्रह केला म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. तक्रार एकच, लिहिता येत नाही, इंग्लिश कच्चं. झोप उडालेली. गाईडचा फोन आला की मोबाईल उपडा ठेवायचा. घरी बोलायची सोय नाही. ‘आईला पेपर म्हटलं की ती विचारते, किती मार्कांचा होता रे?’ हे सांगताना हसले आणि लगेच गप्प झाले.

मी म्हटलं, परीक्षकांचे शेरे दाखवा. विजेतलं मला फ्यूज घालण्यापलीकडे कळत नाही, पण मेल वाचता येतो. तिघांपैकी एकानं लिहिलं होतं, यात नवं काय ते स्पष्ट होत नाही. दुसऱ्यानं आधीच्या पद्धतींशी तुलना मागितली होती. तिसऱ्याच्या मते पेपर घ्यायला हरकत नव्हती. सरांना पहिल्याचं वाक्य स्वल्पविरामासकट पाठ होतं. तिसरा कुणी होता हेच आठवत नव्हतं.

‘आता तुमचं काम मला सांगा. मराठीत.’

आधी अडखळले. मग माझ्यासमोरचा कागद ओढून रेघा मारायला लागले. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात ना, तिथून सुरुवात. जुन्या धाटणीच्या पवनचक्कीतला इंडक्शन जनरेटर वीज देतो खरा, पण त्याला लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण त्याचं चुंबकीय क्षेत्र टिकवणारी) ग्रीडकडूनच, म्हणजे विजेच्या जाळ्याकडूनच ओढतो. लाइन लांब आणि कमकुवत असली की व्होल्टेज दबतं. ते सावरायला ही रिॲक्टिव्ह पॉवर जागेवरच पुरवणारे कपॅसिटर कुठे आणि किती बसवायचे, हा सरांचा प्रश्न. तपासलं होतं ‘आयईईई १४-बस’ या चौदा बसच्या, म्हणजे चौदा जोडबिंदूंच्या नमुना-जाळ्यावर. ‘अमेरिकेतल्या ग्रीडचा १९६२ सालचा एक तुकडा आहे तो, मॅडम. अजून जगभर पोरं त्याच्यावरच घासतात.’ वीस मिनिटं बोलले. एकदाही ‘माझं इंग्लिश कच्चं आहे’ म्हणाले नाहीत.

मग पेपर पाहिला. दोन कॉलमांची सहा पानं. पहिलं पानभर ‘वीज ही काळाची गरज’ छापाचा दहावीचा निबंध, आणि मला सांगितलेली गोष्ट चौथ्या पानावर एका परिच्छेदात दडपलेली. बाकी जागेत चार वर्षांत केलेलं सगळं कोंबलेलं. का, असं विचारल्यावर बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. ‘थोडंच लिहिलं तर लोक म्हणतील, एवढंच केलं का?’

लिहिता येत नाही, ही तक्रार इथे विरघळली. उघडं पडण्याची भीती होती, आणि तिच्यावर पांघरूण म्हणून ती सहा पानं.

नियमांची धास्तीही होतीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६च्या नियमांत प्रबंधाआधी एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२मध्ये ती सक्ती गेली. पण विद्यापीठ आपली अट ठेवू शकतं, म्हणून ऐकीव माहितीवर न राहता पीएचडी विभागात विचारून या म्हटलं. गेले, विचारून आले.

घरचा अभ्यास साधा दिला. मला सांगितलं तसंच मोबाईलवर बोलायचं, ऐकून इंग्रजीत एक पान उतरवायचं, तेही रात्री नाही, सकाळी ४० मिनिटं. शनिवारी ते पान विभागातल्या मित्राला दाखवायचं. शेवटच्या अटीवर सर सर्वांत जास्त कुरकुरले. कच्चं दाखवायचं? तिसऱ्या भेटीत मात्र स्वतःच म्हणाले, ‘लोड फ्लो, म्हणजे जाळ्यात कुठून किती वीज वाहते याचं गणित, सोडवताना आम्ही सगळ्या बसचं व्होल्टेज एक, म्हणजे ठरल्याइतकंच, धरून सुरुवात करतो. चुकीचं असतं, माहीत असतं. किती चुकलं त्यावरून पुढचा आकडा दुरुस्त होतो.’ उपमा छानच होती, पण मला विचाराल तर काम शनिवारच्या मित्रानं केलं.

झोप दोन-तीन आठवड्यांत रुळली. नसती रुळली तर मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी द्यायची, हे मी आधीच बोलून ठेवलं होतं.

नवा पेपर एकाच प्रश्नावर आहे. दुसऱ्या परिषदेनं दुरुस्त्या सांगून घेतलाय. आता भीती १५ मिनिटांच्या प्रेझेंटेशनची. त्यासाठी गुरुवारी येताहेत. आईंनी विचारलंय म्हणे, पास झालास ना, मग आणखी तोंडी कसली?