मायक्रोस्कोप चालवायला एवढं कशाला शिकायचं?

नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीचा नीटचा दुसरा अटेम्प्ट अजून मे महिन्यात व्हायचाय आणि तुम्ही आत्ताच तिसऱ्यासाठी क्लासची फी विचारून आलात, तेही तिला न सांगता. मला मार्कांपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली. पोरगी पेपरला बसायच्या आधीच घरात तिला नापास धरून टाकलंय हो! आणि तीन पानी पत्रात तिचं म्हणणं एकाच ओळीत, तेही तक्रार म्हणून, की क्रायो-ईएम का काय ते करायचं म्हणते, मायक्रोस्कोप चालवायला एवढं कशाला शिकायचं.

क्रायो-ईएम म्हणजे प्रोटीनसारखे रेणू गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्यांचा आकार शोधणं, आणि मशीन चालवणं हा त्यातला छोटासा भाग आहे. तीन मिलिमीटरच्या जाळीवर प्रोटीनच्या द्रावणाचा थेंब टाकायचा, जादा पाणी टिपकागदाने टिपायचं आणि जाळी झटक्यात उणे १८० अंशांच्या आसपासच्या द्रव इथेनमध्ये बुडवायची, म्हणजे पाण्याचे स्फटिक व्हायच्या आत ते काचेसारखं गोठतं. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने प्रोटीन खराब होतं म्हणून मारा कमी ठेवतात, त्यामुळे फोटो इतके पुसट येतात की एकट्या फोटोवरून काही कळत नाही, मग लाखो रेणूंचे फोटो, कोण उभा कोण आडवा कोण तिरका, कॉम्प्युटरवर जुळवत थ्रीडी आकार काढायचा. कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनचा आकार फेब्रुवारी २०२० मध्ये असाच समोर आला. २०१७ चं केमिस्ट्रीचं नोबेल ड्युबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना याच कामासाठी मिळालं, आणि तिघेही मुळात फिजिक्सकडून आलेले. आपल्याकडे बंगळुरूला याचं राष्ट्रीय केंद्र आहे.

आयसर आणि नायसर या विज्ञान संशोधनाच्या सरकारी संस्था, त्यांच्या प्रवेश परीक्षा म्हणजे आयसरची आयएटी, नायसरची नेस्ट, नाहीतर साधं बीएस्सी करून एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम, रस्ते आहेत. पण आयएटीला बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते, ती आधी बघून घ्या. तिसऱ्या अटेम्प्टची फी भरायच्या आधी आयएटीचा फॉर्म भरा.

तिलाही एक स्पष्ट सांगते. पीएचडी धरून दहा-अकरा वर्षं जातील, जेआरएफ, म्हणजे पीएचडीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि तू अकरावीला मॅथ्स सोडलंस ते मला खटकलंय. आयएटीत ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे असतात आणि पुढे ते फोटो जुळवणं म्हणजे सगळं गणितच आहे, तेव्हा आजपासून रोज तासभर अकरावीचं पुस्तक काढ. जमतंय की नाही ते महिनाभराने तूच मला लिही, बाबांकरवी नको.