ऑक्युपेशनल थेरपीत डिसॅबिलिटी स्टडीजचा नेमका काय उपयोग होतो?

खूप होतो. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजार किंवा इजेनंतर रोजची कामं जमावीत यासाठीचे उपचार, आणि डिसॅबिलिटी स्टडीज म्हणजे अपंगत्वाकडे समाजाच्या अंगाने पाहणारी अभ्यासशाखा. तिच्यामुळे थेरपिस्ट विचारतो ते प्रश्नच बदलतात. १९७६ साली ब्रिटनमधल्या अपंगांच्याच एका संघटनेने ठामपणे मांडलं की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने लादलेलं अपंगत्व वेगळं. ब्रिटिश अभ्यासक माईक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये यालाच सामाजिक प्रारूप म्हटलं.

समजा, मणक्याला इजा झालेल्या बाईंना स्वतः कपडे घालायला तासभर लागतो. मूल्यमापनाच्या तक्त्यात त्या स्वावलंबी ठरतात. पण तेवढ्यातच त्या दमतात आणि कामावर जाणं राहून जातं. मदतनीस असेल तर दहा मिनिटांत तयार होऊन त्या नोकरीवर जातील. मग खरं स्वातंत्र्य कशात? १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत अपंग हक्कांचे कार्यकर्ते एड रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या, अपंगांच्या स्वतंत्र जगण्यासाठीच्या केंद्राची भूमिका स्पष्ट होती: आपल्या आयुष्याचे निर्णय आपल्या हाती असणं.

व्यायाम, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) सोडून द्या असं मी म्हणत नाही. वेदना आणि थकवा खरेच असतात. पण उपचारांची ध्येयं पेशंटने ठरवावीत. ऑफिसला रॅम्प नसेल तर थेरपिस्टने तिथेही पाठपुरावा करावा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पाठीशी आहे. आणि कॉलेजांनी अपंग व्यक्तींना ‘केस’ म्हणून नव्हे, तर मानधन देऊन शिकवायला बोलवावं.