शेवाळलेल्या कौलांवर चढताना पाय घसरू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातलं आजोबांचं मंगलोरी कौलांचं घर गळतंय, छपरावर काळं शेवाळ धरलंय, गडी मिळत नाही आणि येत्या रविवारी तुम्ही स्वतःच वर चढणार आहात. तर बूट कसले घ्यावेत?

आमचं डिचोलीत वडिलांपासून सुतारकाम. बुटांचं मागाहून सांगतो. आधी हे, की आत्ता भर पावसात, जुलैत, वर चढूच नका. फुटकं कौल आतूनही बदलता येतं, आणि हे शहरातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. खाली सिलिंग मारलेलं नसेल तर माळ्यावर किंवा पक्क्या घोडीवर उभे राहा. वरच्या ओळीतलं कौल हाताने थोडं उचलून धरा, फुटकं आत ओढून घ्या आणि नवं त्याच वाटेने सरकवून रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर, बसवा. फक्त कौल त्याच छापाचं आणा. मंगळुरात बाझेल मिशन या स्वित्झर्लंडच्या मिशनरी संस्थेने 1865 साली कारखाना घातला, पुढे कारखाने पुष्कळ झाले आणि प्रत्येकाच्या खाचा वेगळ्या. खाच जुळली नाही तर नवं कौलही गळतं.

आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, मात्र आतून होत नाहीत, त्यासाठी वर जावंच लागतं. ते काम मृगाच्या आधी, मे महिन्यात, आणि सकाळचं दव वाळल्यावर. उत्तरेकडचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, आणि फणसाखालची बाजू वरून कोरडी दिसते, पण अंगठ्याने घासून बघा, बोट हिरवं-ओलं झालं तर तिथे पाय नको. आणि ब्लिचिंग पावडर टाकून शेवाळ धुवायला जाल तर आधी ते साबणासारखं निसरडं होतं. कोरडं असताना कडक ब्रशने खरवडलेलं बरं.

माझा अनुभव असा की माणूस घसरतो त्याहून जास्त कौल फुटून किंवा शिडीवरून पडतो. मी स्वतः पडलो तो छपरावरून नव्हे. अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ होतं, शिडीचे पाय सरकले आणि मी शिडीसकट खाली आलो. मनगट मोडलं, अख्खा सीझन गेला. तेव्हापासून खाली एक माणूस शिडी धरून असल्याशिवाय मी पहिली पायरीसुद्धा चढत नाही. वळचण, म्हणजे छपराची खालची कड, 12 फुटांवर असेल तर शिडीचे पाय भिंतीपासून 3 फूट. शिडी कौलाच्या कडेला टेकवायची नाही, वाशाच्या टोकाला टेकवून बांधायची आणि तीनेक फूट वर काढायची, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी हाताशी राहतं. जवळून विजेची वायर घरात येत असेल तर ॲल्युमिनियमची शिडी तिथे नेऊच नका.

कौलावर पाय ठेवायचा तो खालच्या कडेला, जिथे दोन कौलं एकावर एक येतात आणि खाली रीप असते. मध्यभागी कधीच नाही. आधी टिचकी मारून ऐका. चांगलं कौल खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. त्याहून बरं म्हणजे आढ्याला आकड्याने अडकवलेली लाकडी शिडी छपराच्या उतारावर वरून खाली टाकून तिच्यावरूनच चालायचं. सिमेंटच्या पत्र्यावर तर फळीशिवाय पाऊलच नको, तो मोडताना आधी आवाजही देत नाही.

दोरी कमरेला बांधू नका. पडलात तर बरगड्या जातील. खांद्या-मांड्यांना पट्टे असलेला पूर्ण हार्नेस घ्या. दोरी आढ्यावरून पलीकडे टाकून माडाच्या बुंध्याला बांधा. गाडीला बांधलेलीही मी पाहिली आहे. चावी घरातल्या कुणाच्या तरी खिशात असते, एवढंच सांगतो. आढ्यावर दोरीखाली गोणपाट घाला आणि दोरी इतकी आखूड ठेवा की वळचणीच्या अलीकडेच अडकाल. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत उतरवावं लागतं, म्हणून एकट्याने चढणं नाहीच.

आता बूट. मऊ रबरी तळव्याचे, घट्ट बसणारे कॅनव्हासचे पुरेत. गमबूट आणि चपला नकोत. आमचे जुने मेस्त, म्हणजे सुतार, अनवाणी चढायचे, पण त्यांच्या टाचा वेगळ्या होत्या.

या रविवारी माळ्यावर जा. पाणी रिपेवरून वाहत येऊन खाली भलत्याच जागी ठिबकतं, तेव्हा थेंबाचा माग वरपर्यंत काढा आणि तिथल्या वाशावर कोळशाने खूण करा. मे महिन्यात मेस्ताला तीच दाखवा, त्याचा अर्धा दिवस वाचेल.