तमिळ हरिकथेतली दिंडी

प्रश्न : मुलीकडे चेन्नईला गेलो असताना एका सभेत हरिकथा, म्हणजे तिकडचं कीर्तन, ऐकली. तमिळ कळत नाही, पण कथेकरी बाई मधूनच साकी आणि दिंडी ही वृत्तं म्हणत होत्या, चाल थेट आपली! भोसल्यांनी तंजावरात मराठी लादली, त्याचा हा परिणाम का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लादली कुठली! शिवरायांचे सावत्र बंधू आणि तंजावरचे राजे व्यंकोजी, त्यांचे चिरंजीव शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी तिरुवारूरच्या त्यागराजस्वामी या शिवासाठी 'पल्लकी सेवा प्रबंधम्' रचला, तो तेलुगूत. त्यांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकत्र नांदतात. पुढे दुसऱ्या सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत लिहिली. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, त्यातली कुरवी बाई भविष्य सांगते. सरफोजींची बाई मात्र जगाचा भूगोल सांगते! हा राजा मला फार आवडतो.

साकी-दिंडी तिथे रुजवली ती आपल्या कीर्तनकारांनी. १८५५ मध्ये राज्य खालसा झालं, तरी बुवांचं येणं-जाणं चालूच राहिलं. मोरगावकर रामचंद्रबुवांची कीर्तनं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी हरिकथा नव्यानं बांधली. साकी, दिंडी, ओवी, अभंग आणि चिपळ्या आपल्याकडच्या. राग, मृदंगम् आणि संतकवी-संगीतकार त्यागराजांच्या कृती तिकडच्या. पूर्वरंगाला, म्हणजे आधीच्या निरूपणाला, मात्र तिकडे आपल्याइतकं महत्त्व उरलं नाही, सगळा भर आख्यानावर, म्हणजे कथेवर. मला ते खटकतं, पण तो माझ्यातला नारदीय कीर्तनकार बोलतोय.

दिंडीच्या चरणात एकोणीस मात्रा, नवावर यती, म्हणजे विराम. कुंभकोणमला एका मृदंगम्-वादकांसमोर मी आपली दिंडी म्हटली, तर दुसऱ्या चरणापासून ते बिनचूक साथीला. वर "जरा सावकाश म्हणा" हेही सुचवलं! खरं आहे, आपल्याकडे आख्यान पुढे रेटायच्या घाईत दिंडी उरकली जाते. तिकडे ती तब्येतीत गातात.

पुन्हा जाणार असाल तर मार्गळी महिन्यात जा, म्हणजे डिसेंबरच्या मध्यानंतर. संगीतसभांची तिकिटं मुलगी काढेलच. तुम्ही पहाटे उठून चेन्नईच्या मैलापुरात कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवर उभे राहा, भजनी मंडळी तिथून गात जातात. दक्षिणेच्या भजन-परंपरेत तुकोबांचे अभंगही आहेत. उच्चार ऐकून हसू नका, टाळ असेल तर सोबत न्या.