१९६५ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ खरी की ली मान्सची बनवलेली, कसं ओळखायचं?

नुसत्या व्हीआयएनवर (गाडीच्या ओळख क्रमांकावर) भिस्त ठेवू नका. १९६४-६५ मध्ये जीटीओ वेगळं मॉडेल नव्हतंच, पाँटिअ‍ॅकच्याच ली मान्स गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज होतं. त्यामुळे १९६५ च्या दोन्ही गाड्यांचा नंबर २३७ नेच सुरू होतो. १९६६ ला जीटीओला स्वतःचा २४२ मिळाला, तिथून काम सोपं.

तुम्ही व्हीआयएन देऊन पाँटिअ‍ॅकच्या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कंपनीच्या मूळ बिलाची प्रत मागवा. थोडे पैसे जातील, पण त्यावर जीटीओ असेल तरच खरी. बॅज, हूड स्कूप (बॉनेटवरचं हवेचं तोंड), अगदी ३८९ घन इंचांचं इंजिनसुद्धा नंतर बसवता येतं हो!

प्रत आली की नंबर ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीशी स्वतः ताडा. पट्टी उचकटल्याच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.