पडक्या, ओसाड जागांवरच्या टीव्ही डॉक्युमेंटरीत प्रत्येक गोष्ट ‘रहस्य’ का असते?

निवेदक सतत ‘इथं नेमकं काय घडलं असेल?’ असं विचारत राहतो, सरळ सांगत का नाही, हा तुमचा प्रश्न. सरळ सांगितलं तर ब्रेकमध्ये तुम्ही चॅनल बदलाल, म्हणून.

तासाभराच्या स्लॉटमधला बराच वेळ जाहिराती खातात. उरलेल्याचे चार-पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा प्रश्नावर तोडावा लागतो. ब्रेकनंतर मागचं पुन्हा सांगायचं, कारण कुणी तरी रिमोट फिरवत मध्येच आलेलं असतं. सलग बघणाऱ्याला मग तोच ड्रोन शॉट चौथ्यांदा बघावा लागतो.

‘डुगा’ नावाच्या रडारचंच घ्या. युक्रेनमध्ये चेर्नोबिलजवळच्या जंगलात सुमारे १५० मीटर उंचीचा लोखंडी सांगाडा उभा आहे. धुकं, घुमणारं संगीत, ‘हे काय असावं?’ आणि मग ब्रेक! खरं तर ते लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं हेरण्यासाठी उभारलेलं सोव्हिएत रडार. १९७६ पासून त्याची टकटक जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या कानावर पडत होती. त्यांनी त्याला ‘रशियन सुतारपक्षी’ म्हणायला सुरुवात केली. गंमत म्हणजे चेर्नोबिलजवळचा सांगाडा फक्त ऐकणारा. टकटक करणारा भाग जवळपास ६० किलोमीटरवर, ल्युबेचला होता. ही गोष्ट सरळ क्रमाने सांगितली तरी मी जागचा हललो नसतो.

चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर रिकाम्या झालेल्या प्रिप्यात शहराच्या शाळेतले गॅस मास्क तर मला खटकतातच. कॅमेरा त्यांच्यावर असा रेंगाळतो, जणू मुलं ते घालून पळाली. ते युद्धाच्या तयारीसाठी साठवलेले होते, आणि तिथल्या कित्येक वस्तू नंतर येणाऱ्यांनी फोटोसाठी मांडून ठेवल्यात. निवेदक खोटं बोलत नाही, फक्त गप्प बसतो.

याउलट जपानचं हाशिमा बेट. १९५९ साली त्या चिमुकल्या बेटावर ५,२५९ माणसं राहत होती. जानेवारी १९७४ मध्ये कोळशाची खाण बंद झाली, एप्रिलपर्यंत बेट रिकामं. यात रहस्य काहीच नाही. तिथं वाढलेलं कुणी आपल्या जुन्या खोलीत उभं राहून ‘इथं आमचा टीव्ही होता’ म्हणालं, की संगीताचीही गरज उरत नाही.

मी हल्ली असे एपिसोड शेवटच्या दहा मिनिटांपासून बघतो. उत्तर आवडलं तरच सुरुवातीला जातो.